बुडबुडे दिसले म्हणून पाणी फुटलं असं नाही

प्रकाशाने पाणी फोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करण्याच्या संशोधनात १९७२ च्या फुजिशिमा-होंडा पेपरपासून सगळेच सुरुवात करतात, तुम्हीही कराल. त्यातल्या टायटॅनियाच्या (टायटॅनियम डायऑक्साइड) इलेक्ट्रोडला अतिनील किरण लागतात, हेमॅटाइट (लोहाचं ऑक्साइड) दृश्य प्रकाशही घेतं, शिवाय स्वस्त. म्हणून मोह होतो. पण त्यातलं होल (प्रकाशाने इलेक्ट्रॉन उडाल्यावर मागे राहणारी धन जागा) जेमतेम २ ते ४ नॅनोमीटर चालतं आणि प्रकाश शिरतो त्याच्या कितीतरी खोल. बहुतेक होल वाटेतच इलेक्ट्रॉनला भेटून संपतात. जी पृष्ठभागाला पोचतात तीही ताटकळतात, कारण ऑक्सिजनचा एक रेणू सुटायला चार होल खर्ची पडतात.

ही ताटकळ मोजायला आपण हायड्रोजन पेरॉक्साइड घालतो. ते होल पटकन उचलतं, करंट वाढतो. इथेच मी फसलो.

मी चोपड्याकडचा, दोन हंड्यांत दिवस काढणाऱ्या घरातला. जळगावात मे महिन्यात वीज गेली की डिस्टिलेशन बंद. म्हणून वापरलेलं, पेरॉक्साइड घातलेलं द्रावण मी परत बाटलीत ओतायचो. बाटलीवर लेबल नाही. पुढच्या आठवड्यात तेच १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड म्हणून सेलमध्ये भरलं आणि करंट तिप्पट! श्रेय दिलं हेमॅटाइटवर चढवलेल्या माझ्या कोबाल्टच्या उत्प्रेरक थराला. रोज करंट थोडा उतरायचा, तर दोष इलेक्ट्रोडला. खरं तर अल्कलीत पेरॉक्साइडच हळूहळू विघटत होतं.

बुडबुडेही येत होते. ते मात्र पुरावा नव्हेत, नीट ऐका: पेरॉक्साइडचं ऑक्सिडेशन झालं तरी ऑक्सिजनच निघतो, फक्त दोन होलांत. गाईड म्हणाले, "आधी वायू मोजून आण." मला रागच आला. १ मिलिअँपिअर तासभर चालला तर चार होलांच्या हिशोबाने ऑक्सिजन साधारण ०.२३ मिलिलिटर यायला हवा. माझा आला जवळपास दुप्पट. शंभर टक्क्यांच्या वर कार्यक्षमता बघून मी आधी खूश झालो, हे लिहायलाही लाज वाटते.

सिनियरची एक्सेल शीट उसनी घेऊ नका. सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडवर मोजलेला व्होल्टेज आरएचईवर (रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या मापावर) नेताना पीएच १३.६ ला साधारण १ व्होल्ट मिळवायचा असतो, हे एकदा हाताने करा. पेपर नाकारला गेला तर चालतं, माझे दोन गेले. पण ऑक्सिजन न मोजता करंट छापायला धावू नका, साफ सांगतो.

ताजं द्रावण घेतलं, सेल तीनदा धुतला, ओ-रिंग काढून. करंट एक तृतीयांश. कोबाल्टने थोडं केलंच होतं, तेवढंच प्रबंधात गेलं.