बोटीवरचे चारशे पौंड

इंग्लंडमधल्या कालव्यावर, नॅरोबोटीत, म्हणजे लांबट अरुंद बोटीत राहतो. २०२२-२३ च्या हिवाळ्यात सरकारी मदत म्हणून सगळ्यांच्या वीजबिलातून चारशे पौंड वजा होत होते. मला दमडी नाही. कारण साधं होतं. वीज कंपनीकडे माझं खातंच नाही, मी मरीनाचं, म्हणजे बोटी बांधायच्या तळाचं, विजेचं प्रीपेड कार्ड भरतो.

अशांसाठी २७ फेब्रुवारी २०२३ ला वेगळा ऑनलाइन अर्ज सुरू झाला, पैसे स्थानिक कौन्सिलमार्फत. मी लगेच भरला आणि तो अडकला. कौन्सिलच्या नोंदीत पत्ता नुसता मरीनाचा, धक्क्याचा क्रमांकच नाही! गंमत म्हणजे कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरपट्टीसारखा स्थानिक कर, मात्र त्याच धक्क्याचा, 'ए' या सर्वांत खालच्या बँडमध्ये, मी नेमाने भरत होतो. कर घेताना बोट दिसते, देताना दिसत नाही.

मग कायमस्वरूपी वास्तव्याचा मूरिंग (बोट बांधायच्या जागेचा) करार, टॅक्सचं बिल आणि मरीनाच्या ऑफिसातून क्रमांकासकट लिहून घेतलेलं पत्र, तिन्ही एकत्र पाठवलं. पैसे आले. डिझेल आणि कोळशावर शेगडी चालते, म्हणून इंधनासाठीच्या दोनशे पौंडांच्या वेगळ्या सरकारी मदतीचा अर्जही त्याच कागदांवर निघाला.

सतत फिरत्या बोटीवरच्या शेजाऱ्याकडे मात्र दाखवायला पत्ताच नव्हता.