पिशवीतली काडतुसं: या चुका टाळा

टेक्सासात गन शो, म्हणजे बंदुकांचा बाजार, झाला की पुढच्या शनिवारी आमच्या नेमबाजीच्या रेंजवर झिपलॉकच्या पिशव्या दिसायला लागतात. आत पन्नास-शंभर काडतुसं, कुणीतरी गॅरेजमध्ये भरलेली. "काका, अहो निम्म्या भावात मिळाली!" कुणी भरली, बंदुकीची दारू कुठली, किती ग्रेन (दारू मोजायचं वजन)? पत्ता नाही. मी स्वतः वर्षानुवर्षं काडतुसं भरतो, म्हणूनच दुसऱ्याची झाडत नाही आणि माझी कुणाला देत नाही.

हलका बार झाला तरी पुन्हा चाप ओढणं. ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. मंडळातला एक तरुण .३८ स्पेशलचं कोरं रिव्हॉल्व्हर घेऊन आला होता. तिसऱ्या बाराला 'धाड'ऐवजी नुसतं 'फट्', दिवाळीतल्या सादळलेल्या फटाक्यासारखं. कागदावर भोक नाही. पठ्ठ्या शांतपणे अंगठ्याने घोडा मागे ओढतोय! मी असा ओरडलो की शेजारच्या लेनवाल्यांनीही बंदुका खाली ठेवल्या.

नळी निशाणाकडेच ठेवून तीस सेकंद थांबलो. मग सिलिंडर रिकामं केलं आणि तोंडाकडून लाकडी दांडी घातली. चार इंचांच्या नळीत दांडी दोन इंचांवर अडली. त्या काडतुसात दारूच नव्हती. एकट्या प्राइमरने, म्हणजे बुडाशी बसवलेल्या ठिणगीच्या टोपीने, गोळी ढकलून नळीत रुतवली होती. मागून दुसरी आली असती, तर नळी फाटायलाही वेळ लागला नसता. बोटं त्याची, आणि बाजूला उभा मी.

उरलेली सत्तेचाळीस घरी नेऊन एकेक उघडली. आणखी एक कोरडं निघालं आणि एकात दुप्पट दारू. ही दोन्ही एकाच गडबडीची पोरं: प्रेसचा, म्हणजे काडतुसं भरायच्या यंत्राचा, दांडा मध्येच अडकतो, माणूस घाईत मागेपुढे करतो, एक पुंगळी (काडतुसाचं रिकामं नळकांडं) सुटते आणि दुसरीत दोनदा पडते. .३८ स्पेशल १८९८ सालचं, काळ्या दारूच्या जमान्यातलं, त्यामुळे पुंगळी ऐसपैस. आजच्या जलद दारूचे चार ग्रेन, म्हणजे पाव ग्रॅम, तळाशी बसतात. दुप्पट घातली तरी बाहेर सांडत नाही. आणि या काडतुसाची दाबाची मर्यादा चौरस इंचाला १७,००० पौंड.

भरलेलं काडतूस तोलून 'तपासणं'. काही उपयोग नाही. पुंगळी आणि गोळी यांच्याच वजनात इतका फरक असतो की दारूचा फरक त्यात बुडून जातो. कानाशी धरून हलवणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

फॅक्टरीचा खोका बघून विश्वास ठेवणं. खोके आम्ही सगळेच पुन्हा वापरतो. बुडावरचे शिक्के वेगवेगळ्या कंपन्यांचे दिसले की समजा, माल घरचा आहे.

गोळी आत सरकलेली असली तरी झाडणं. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो. बाजूला काढा.

वॉरंटीच्या भरवशावर राहणं. मॅन्युअल वाचा. बहुतेक कंपन्या घरी भरलेल्या काडतुसांनी झालेल्या नुकसानीला हात लावत नाहीत.

"मग या पिशवीचं करू काय?" कचऱ्यात टाकू नका. रेंजवर विचारा, बऱ्याच ठिकाणी अशा मालासाठी वेगळा डबा असतो. त्या तरुणाच्या पुंगळ्या मात्र मी ठेवून घेतल्या. त्या त्याने माझ्यासमोर बसून, माझ्या तराजूवर प्रत्येक माप तोलत पुन्हा भरल्या. पन्नासाला पूर्ण दुपार लागली आणि तो दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होता.