घरचा लेबनीज खुब्ज टम्म फुगवायचा कसा

खुब्ज फुगला नाही की लोक पहिल्यांदा यीस्ट वाढवायला सांगतात. कुणी चिमूटभर सोडा सुचवतं, कुणी दही, कुणी मैदा दुधात भिजवायला लावतं. यातल्या कशानेच काही होत नाही. यीस्टने पीठ हलकं होतं, चव येते. पण लेबनॉनच्या या ब्रेडला मधे पोकळी पडून दोन पापुद्रे सुटतात, ते काम वाफेचं. वाफ कोंडून ठेवायची तर लाटणं एकसारखं हवं, वरची कातडी ओलसर हवी आणि खालून धग सडकून हवी. बाकी सगळं सोपं आहे, ते आधी भराभर उरकतो.

दहा खुब्जांसाठी मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३१० ते ३२५ मिली, मीठ १० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, साखर एक छोटा चमचा, तेल एक मोठा चमचा. माप काट्यावर घ्या. मैदा वाटीत दाबून भरला की भुरभुरून भरला यावर वजन बरंच बदलतं, आणि मग पाण्याचा हिशोब चुकतो.

नुसता मैदा नको, थोडी कणीक घालच, असा घरातून आग्रह होतोच. घाला, पण ५०० पैकी १५० ग्रॅमच्या पुढे जाऊ नका. गिरणीतून दळून आणलेली कणीक पाणी जास्त पिते, तेव्हा दोन-तीन चमचे पाणी वाढवा. कोंडा जास्त झाला की ताणलेली कातडी तिथेच फाटते. ज्वारीचं पीठ मिसळून सोलापुरी खुब्ज करायची हौस असेल तर ती आवरा. ज्वारीत ग्लुटेन नाही. भाकरी फुगते ती आधणाच्या पाण्याने पिठाला आलेल्या चिकटपणावर आणि वरून फिरवलेल्या पाण्याच्या हातावर. इथे दोन्ही नाही. घरात मालदांडीचं पीठ असेल तर त्याची भाकरीच थापा.

पाण्याबद्दल एक सोलापुरी सूचना. एप्रिल-मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. ते पिठात घातलं की पीठ अर्ध्या तासात उतू जाऊन आंबूस होतं. उन्हाळ्यात माठातलं पाणी घ्या, डिसेंबरात कोमट. यीस्ट ५५-६० अंशांच्या आसपास मरतं, त्यामुळे बोट पाण्यात सुखाने राहत नसेल तर ते पाणी नको. यीस्टचं फोडलेलं पाकीट फ्रीजमध्येच ठेवा. ओट्यावरच्या कपाटात राहिलेल्या पाकिटाचा उन्हाळ्यानंतर भरवसा धरू नका.

सगळं एकत्र करून दहा मिनिटं तिंबा. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा सैल राहतो आणि सुरुवातीला हाताला चिकटतो. म्हणून वरून मैदा भुरभुरू नका, दहा मिनिटं झाकून ठेवा आणि पुन्हा मळा, आपोआप ताळ्यावर येतो. मग तेलाचा हात लावून झाकायचं. मे महिन्यात चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, थंडीत दीड तास. दुप्पट झालं की बस.

त्याचे साधारण ८५ ग्रॅमचे दहा उंडे करा. उंड्याची कड खाली ओढत ओढत वरचा भाग गुळगुळीत ताणून घ्या, सांधा खाली ठेवा आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवा. झाकायला धोतराचा जुना तुकडा किंवा मलमल घ्या, थोडी ओली करून घट्ट पिळलेली. आपल्याकडे हाताशी टॉवेल असतो म्हणून लोक तोच टाकतात. सोलापूरचा टॉवेल अंग पुसायला कितीही चांगला असला तरी त्याचे फासे ओल्या पिठात रुततात, आणि उचलताना कातडीसकट वर येतात.

लाटणं: खरी मेख इथे आहे

या पायरीने मला बराच काळ छळलं. पीठ चांगलं, यीस्ट ताजं, ओव्हन तापलेला, आणि तरी एक खुब्ज फुगायचा तर पुढचा सपाट पडायचा. कारण कळायला आत काय घडतं ते कळावं लागलं. तापलेल्या तव्यावर टाकल्या क्षणी खालची आणि वरची कातडी आवळते. मधला थर अजून मऊ असतो, त्यातल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की आकारमान साधारण सोळाशे पट होतं. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती मधल्या मऊ थरातूनच दोन्ही बाजू अलग करते. वाट मिळाली की संपलं. टाचणीएवढं भोकही पुरतं.

म्हणून पहिली गोष्ट: पंखा बंद करा. हे कुठल्याच पाककृतीत लिहिलेलं मला दिसलं नाही, आणि सोलापुरात हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. इथली उन्हाळ्याची हवा इतकी कोरडी असते की छताच्या पंख्याखाली उघडी ठेवलेली लाटी पाच मिनिटांत वरून कागदासारखी होते. बोटाने दाबून बघा, कडेला बारीक केसासारख्या चिरा दिसतील. भाजताना वाफ तिथूनच निघून जाणार. घाम आला तर येऊ द्या, पण लाटी झाकलेली ठेवा.

दुसरी गोष्ट, जाडी. १७ सेंटिमीटर व्यासाचा, तीन ते साडेतीन मिलिमीटर जाडीचा गोल हवा. पोळी लाटणारा हात सवयीने कडा पातळ करतो आणि मधे जाड ठेवतो. इथे ते चालणार नाही. मधून बाहेर लाटा, पण कडेच्या बोटभर आधी लाटणं उचला, कडेवरून खाली घसरू देऊ नका. गोल फिरवत राहा. शेवटी दोन्ही तळव्यांवर घेऊन उजेडाकडे धरा: जिथे जास्त उजेड दिसतो ती जागा पातळ, तिथेच फुटणार. असा खुब्ज बाजूला काढा आणि त्याच्यावर जिरं-तेल लावून वेगळा भाजा. पुन्हा गोळा करून लगेच लाटायला गेलात तर तो रबरासारखा मागे ओढला जातो. लाटताना साधा उंडाही आखडायला लागला तर जोर लावू नका. झाकून पाच मिनिटं सोडा, दुसरा घ्या.

तिसरी, घडी. घडीच्या पोळीत हात बसलेल्या माणसाला तेल लावून, पिठी भुरभुरून, घडी घालायचा मोह होतो. त्याने भलत्याच ठिकाणी थर सुटतात आणि मधली पोकळी एकसंध होत नाही. घडी नाही, आत तेल नाही, आत पिठी नाही. पोळपाटावर पिठी लागेलच, पण अगदी हलकी, आणि नंतर झटकून टाका. राहिलेली पिठी तव्यावर जळून कडू लागते. काट्याने टोचायला सांगणाऱ्या पाककृती तर बंदच करा. टोचतात ते मनाईशला, म्हणजे लेबनॉनच्या न्याहारीच्या चपट्या ब्रेडला, तिथे वर झातर (सुक्या पाल्याचा आणि तिळाचा मसाला) आणि ऑलिव्ह तेल पसरायचं असतं आणि ते फुगायला नको असतं.

चौथी गोष्ट लोक सगळ्यात आधी गाळतात: लाटल्यावरची विश्रांती. लाटून थेट तव्यावर टाकलेला खुब्ज कधी फुगतो, कधी नाही. पिठी लावलेल्या कापडावर, वर कापड झाकून, उन्हाळ्यात आठ-दहा मिनिटं आणि थंडीत वीस मिनिटं ठेवलेला जवळजवळ दर वेळी फुगतो. लाटताना दबलेलं पीठ तेवढ्यात सैल होतं आणि पुन्हा किंचित उमलतं. उचलताना चिमटीत धरू नका, बोटाचा ठसा म्हणजे पातळ जागा. पूर्ण तळवा खाली सरकवा. आणि तव्यावर पालथा टाका, म्हणजे विश्रांतीत वर असलेली, थोडी सुकलेली बाजू खाली जाते आणि कापडाला टेकलेली ओलसर बाजू वर येते. वरची बाजूच ताणायची असते, ती ओली हवी.

धग

ओटीजी, म्हणजे घरचा विजेचा छोटा ओव्हन, २५० अंशांवर, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू. आत जाड लोखंडी तवा पालथा घालून किमान अर्धा तास तापवा. थर्मोस्टॅटचा दिवा दहा मिनिटांत विझतो, तो हवेचा अंदाज असतो, लोखंडाचा नाही. नॉनस्टिक तवा इतका कोरडा तापवायचा नसतो, आणि ओटीजीबरोबर येणारी पातळ ट्रे कितीही तापवली तरी पहिल्या खुब्जातच गार होते. मोठा ओटीजी १५००-२००० वॉट खेचतो, तेव्हा १६ अँपियरच्या सॉकेटला लावा. साध्या पिनेला जोडजाड करून लावलात तर प्लग वितळेल.

एका वेळी एकच. दार झटकन उघडा, टाका, झटकन बंद करा. मिनिटभरात बुडबुडे दिसतात, दीड मिनिटात चेंडू. अडीच-तीन मिनिटांत बाहेर. काचेतून बघा, दार उघडून डोकावू नका. तांबूस रंगाची वाट बघत बसलात तर पापड होईल. खुब्ज फिकाच काढायचा, एखाद-दोन डाग पुरेत. पुढचा टाकण्याआधी तव्याला तीन मिनिटं पुन्हा तापू द्या. घाईत सलग टाकले की चौथ्यापासून सपाट पडायला लागतात आणि दोष मैद्याला दिला जातो.

ओटीजी नाही? भाकरीचा तवा मोठ्या आचेवर, पाण्याचा थेंब नाचेल इतका तापवा. एक बाजू वीस-पंचवीस सेकंद, बारीक फोड दिसले की उलटा. दुसरी बाजू मिनिटभर. पुन्हा उलटा आणि कडेने कापडाने हलके दाबा, फुगतो. फुलका भाजतात तसा थेट आचेवर धरू नका, पातळ जागी चटकन भोक पडतं.

उतरवला की लगेच कापडात गुंडाळा आणि एकावर एक रचा. इथे टॉवेल चालतो, उलट चांगला, वाफ शोषतो. फुगा बसला तरी हरकत नाही, पोकळी आत राहते आणि पापुद्रे मऊ पडतात. गरमच स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं तर तळचे दोन ओले गिच्च होतात.

लेबनॉनमध्ये हा चमच्यासारखा वापरतात: तुकडा तोडायचा, हम्मस (काबुली चण्याची वाटलेली चटणी) किंवा लबने उचलायचं. लबने म्हणजे मीठ घातलेला चक्काच, घरचं दही रात्रभर टांगा. तिथे सकाळी खातात ते मनूशे, त्यालाच अनेकवचनी मनाईश म्हणतात. २०२३ मध्ये युनेस्कोने त्याची परंपरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. त्यासाठी याच पिठाचा गोल लाटा, बोटांनी खळगे पाडा, झातर तेलात कालवून पसरा, पाच-सहा मिनिटं भाजा. झातर नसेल तर तीळ, ओवा आणि थोडं आमचूर चालवून घेतो मी. ते झातर नव्हे, पण पोरं ताट पुसून खातात. आमच्याकडे मोठी माणसं मात्र खुब्ज उघडून आत दही आणि शेंगाचटणी भरतात, आणि मला त्यात काहीही गैर वाटत नाही.

उरलेले पूर्ण गार झाल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्याच दिवशी फ्रीझरमध्ये. साध्या फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथे ते बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतात. काढल्यावर थेट गरम तव्यावर, दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट. आणि कडक झालेच तर तुकडे करून तेलात परता, काकडी, टोमॅटो, कांदा, पुदिना आणि भरपूर लिंबू यांत मिसळा. हे फतूश, शिळ्या खुब्जासाठीच केलेलं. लिंबू वाढण्याच्या वेळीच पिळा, आधी पिळलं तर तुकडे भिजून लगदा होतो.