नोंदींना टॅग आणि दुवे जोडताना या चुका टाळा

पेरणी, फवारणी, मजुरी, बाजारभाव असे जे सुचेल ते मोबाईलमध्ये लिहून ठेवणे सोपे असते. अडचण येते ती दोन हंगामांनंतर त्यातले नेमके काही शोधताना, आणि तेव्हा दोष बहुधा अ‍ॅपचा नसून टॅगचा, म्हणजे नोंदीला # लावून जोडलेल्या खुणेच्या शब्दाचा असतो.

सर्वांत मोठा घोटाळा एकाच गोष्टीला निरनिराळे टॅग लावल्याने होतो. लागवडीच्या वेळी #कपाशी, डवरणीला #पऱ्हाटी आणि वेचणीला #कापूस असे लिहिले, तर अ‍ॅपच्या लेखी ती तीन वेगळी पिके ठरतात. #सोयाबीन आणि #सोयाबिन यांच्या याद्याही एकत्र येत नाहीत, आणि वर्षाचे आकडे एकदा देवनागरीत व एकदा इंग्रजीत लिहिले तरी तोच प्रकार होतो. ऑब्सिडियनसारख्या नोंदी ठेवण्याच्या अ‍ॅपमध्ये टॅगच्या मध्ये मोकळी जागा चालत नाही. ‘#गुलाबी बोंडअळी’ असे लिहिले की टॅग ‘गुलाबी’ येथेच संपतो, म्हणून तो #गुलाबी_बोंडअळी असा जोडून लिहावा. टॅगांची यादी उघडून ज्यांच्यापुढे एकच नोंद दिसते ते टॅग आधी तपासावेत, कारण चुकलेली रूपे बहुतेक तेथेच सापडतात. पहिल्याच दिवशी टॅगांची भलीमोठी यादी तयार करण्याचा उत्साह मात्र आवरावा. पीक, वावर आणि काम एवढ्यावर बरेच दिवस निभावते.

दुसरी चूक म्हणजे दुव्याचे, म्हणजे एका नोंदीतून दुसरी नोंद उघडणाऱ्या जोडणीचे कामही टॅगकडूनच करून घेणे. टॅगमुळे एकाच प्रकारच्या नोंदी एकत्र दिसतात, पण एका नोंदीमुळे दुसरी का घडली हे त्यातून कळत नाही. कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात) सलग ३ दिवस रोज ८ किंवा अधिक नर पतंग अडकले, तर गुलाबी बोंडअळीने आर्थिक नुकसानीची, म्हणजे फवारणी करण्याची पातळी गाठली असे मानतात. अशा वेळी फवारणीच्या नोंदीत ‘नाल्याकडच्या वावरात तिसऱ्या दिवशीही ९ पतंग निघाले, म्हणून फवारणी केली’ असे वाक्य लिहून त्यातच सापळ्याच्या नोंदीचा दुवा द्यावा. कारण न लिहिता नुसता दुवा टाकला, तर पुढच्या खरिपात त्याचा अर्थ लिहिणाऱ्यालाही लागत नाही. ‘पाऊस’ हा शब्द दिसेल तेथे दुवा देणे तर निव्वळ गर्दी वाढवणे आहे.

दुवा तुटला असेल, तर फाईलचे नाव अ‍ॅपच्या बाहेरून, म्हणजे मोबाईलच्या फाईल मॅनेजरमधून बदलले होते का, हे आधी पाहावे. नाव अ‍ॅपमधूनच बदलल्यास दुवेही सोबत बदलून घेता येतात. ऑब्सिडियनमध्ये फिका दिसणारा दुवा म्हणजे त्या नावाची नोंद अस्तित्वात नाही. त्यावर बोट लावले की त्याच चुकलेल्या नावाची कोरी नोंद तयार होते. म्हणून आधी दुव्याच्या दुहेरी चौकटी कंसांतले, म्हणजे [[ ]] मधले नाव मूळ नोंदीच्या शीर्षकाशी अक्षर न् अक्षर ताडून दुरुस्त करावे.