मॉरिशसला जाताय? वारा आणि समुद्र पाहून दिवसाचा बेत कसा ठरवावा

मॉरिशसची सहल ठरली की बहुतेक जण फोनवरचं हवामानाचं ॲप उघडतात. सातही दिवस ढग आणि पावसाचं चित्र दिसतं आणि उत्साहावर पाणी पडतं. त्या चित्रावर अजिबात जाऊ नका. या बेटावर कुठे ना कुठे सर पडतेच, त्यामुळे "पाऊस आहे का?" हे विचारून हाती काही लागत नाही. विचारायचं ते इतकंच: वारा कुठून आणि किती जोराचा आहे, आणि दक्षिणेकडून मोठी लाट येतेय का? पहिल्या प्रश्नाच्या उत्तराने दिवस चांगला जातो. दुसऱ्याकडे दुर्लक्ष केलं तर जिवावर बेतू शकतं.

आधी हा वारा कुठला ते समजून घ्या

मॉरिशस दक्षिण गोलार्धात, साधारण 20 अंश अक्षांशावर आहे. त्याच्या दक्षिणेला हिंदी महासागरात हवेच्या उच्च दाबाचं मोठं क्षेत्र असतं, त्याला 'मास्करीन हाय' म्हणतात. तिथून निघणारे व्यापारी वारे वर्षातला बहुतेक काळ आग्नेयेकडून बेटावर येतात. हेच वारे आपल्या पावसाळ्यात पुढे विषुववृत्त ओलांडतात, सोमालियाच्या किनाऱ्याजवळ वळतात आणि आपल्याकडे नैऋत्य मोसमी वारे म्हणून पोचतात. कोकणात जुलैत जो पाऊस कोसळतो, त्याचा वारा आधी मॉरिशसच्या बाजूनेच आलेला असतो.

तिथे मे ते ऑक्टोबर हिवाळा. जुलै-ऑगस्टमध्ये वारा सर्वांत जोरात असतो. बेटाच्या दक्षिणेकडून एखादा शीत आघाडीचा, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेच्या कडेचा, पट्टा सरकला आणि त्याच्या मागोमाग उच्च दाबाचं केंद्र आलं, की दोन-चार दिवस सोसाट्याचा वारा, भुरभुर सरी आणि खवळलेला समुद्र असा मुक्काम पडतो. मग वारा सैल होतो. आठ दिवसांच्या सहलीत हे दोन्ही अनुभवायला मिळू शकतं. म्हणून बोटीची सहल शेवटच्या दिवशी ठेवू नका. सुरुवातीला ठेवली तर रद्द झाल्यावर हाताशी दिवस उरतात.

सकाळी बुलेटिन वाचा

मॉरिशसच्या हवामान खात्याचं मुख्य कार्यालय व्हाकोआला आहे. त्यांचं रोजचं बुलेटिन फ्रेंच आणि इंग्रजीत निघतं. वादळी दिवसांत त्यातला मजकूर साधारण असा असतो: "पूर्वेला आणि मध्य पठारावर हलक्या सरी. आग्नेयेकडून ताशी 30 किलोमीटर वारा, उघड्या भागांत 70 किलोमीटरचे झोत. प्रवाळभिंतीबाहेर समुद्र खवळलेला, लाटा 3 मीटर."

वाऱ्याचे दोन आकडे असतील तर मोठा आकडा महत्त्वाचा. छत्री उलटते, कयाक कलंडते ती झोतामुळे. ॲपमध्ये वेग नॉटमध्ये दिला असेल तर 1 नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर, म्हणजे 20 नॉट झाले ताशी 37. "प्रवाळभिंतीबाहेर" हे शब्द नीट वाचा. बेटाच्या बऱ्याचशा भागाला प्रवाळाची भिंत आहे, तिच्या आतलं उथळ पाणी म्हणजे लगून. बाहेर 3 मीटरच्या लाटा असल्या तरी लगूनमध्ये गुडघाभर खळबळ असू शकते. मात्र हे 3 मीटर म्हणजे मोठ्या लाटांची सरासरी. एखादी लाट त्याच्या जवळपास दुप्पटही येते. बुलेटिनमध्ये भरती-ओहोटीच्या वेळा असतात, त्याही टिपून ठेवा. पुढे लागतील.

वाऱ्याच्या आडोशाचा किनारा निवडा

बेट सुमारे 65 किलोमीटर लांब आणि 45 रुंद आहे. मध्ये पठार आणि डोंगर आहेत. आग्नेयेची दमट हवा पठारावर चढते, थंड होते आणि तिथेच पाऊस टाकते. महाबळेश्वर भिजत असताना वाईत ऊन असतं, तसाच प्रकार. मध्यावरच्या क्युरपीपच्या बाजूला वर्षाला 4,000 मिलिमीटरपर्यंत पाऊस होतो, तर पश्चिम किनाऱ्यावर 900च्या आसपास.

म्हणून पूर्वेच्या 'बेल मार' या ठिकाणी हॉटेल असेल आणि सकाळी वारा घोंगावत असेल, तर खोलीत बसून राहू नका. गाडी काढा, दीड तासात पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाकला पोचाल. तिथे बहुधा ऊन आणि सपाट पाणी मिळेल. वायव्येचे त्रू ओ बिश आणि माँ श्वाझीही आडोशाला आहेत.

नैऋत्य टोकाचं ले मॉर्न मात्र फसवं. तिथल्या 556 मीटर उंच डोंगराला वळसा घालताना वारा उलट जोर धरतो. काइटसर्फिंगवाले तिथे जमतात ते उगाच नव्हे.

पश्चिम किनाऱ्याचा एक धोका फारसं कुणी सांगत नाही. तिथे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्याजवळ पाणी आरशासारखं दिसतं ते त्यामुळेच. पण हवा भरलेली गादी, रबरी रिंग किंवा पॅडलबोर्ड घेतलेलं मूल त्याच वाऱ्यावर बघता बघता खोल पाण्याकडे सरकतं आणि परत येताना वारा तोंडावर असतो. मुलांना अशी खेळणी द्यायचीच असतील तर कमरेइतक्या पाण्यात, दोरी तुमच्या हातात ठेवून द्या.

मग स्वेल तपासा, वारा पडला असला तरी

स्वेल म्हणजे दूरच्या वादळात तयार होऊन प्रवास करत आलेली लाट. स्थानिक वाऱ्याशी तिचा संबंध नसतो. अंटार्क्टिकाच्या बाजूच्या वादळांत जन्मलेली 15 सेकंदांच्या अंतराने येणारी स्वेल दिवसाला साधारण 1,000 किलोमीटर कापते. तीन दिवसांपूर्वीच्या वादळाची लाट आज निरभ्र आकाशाखाली, वारा पडलेला असताना येऊन आदळू शकते. आडोशाचा पश्चिम किनाराही तिच्यापुढे उघडा असतो, कारण ती बहुतेकदा नैऋत्येकडून येते. तामारँच्या खाडीत सर्फिंग चालतं ते अशाच लाटांवर.

ॲपमध्ये लाटेच्या उंचीशेजारी सेकंदांचा आकडा असतो, तो बघा. 6-8 सेकंद असेल तर जवळच्या वाऱ्याच्या आखूड लाटा. 12च्या वर गेला तर लांबून आलेली स्वेल, आणि तेवढ्याच उंचीला तिच्यात ताकद कितीतरी जास्त. 2 मीटर आणि 15 सेकंद हे आकडे दिसले की दक्षिण किनाऱ्यावर पाण्याजवळही जाऊ नका. सुयाकजवळच्या ग्रीग्रीला प्रवाळभिंतच नाही, महासागर थेट कड्यावर येतो. तिथे कधीच पोहू नये. फोटोसाठी खडकाच्या ओल्या भागावर उभं राहू नये. खडक ओला आहे याचा अर्थ लाट तिथपर्यंत येऊन गेली आहे.

किनाऱ्यावर पोचल्यावर पाव तास नुसतं बघा

कपडे बदलण्याआधी सुरूच्या झाडांखाली बसा आणि समोर बघा. स्वेलच्या मोठ्या लाटा घोळक्याने येतात, मध्ये बराच वेळ शांतता असते. दोन मिनिटं बघून ठरवलेलं चुकतं.

दूरवर पांढरी फेसाळ रेघ दिसेल, ती प्रवाळभिंत. रेघ जिथे तुटते आणि पाणी गडद निळं दिसतं, ती भिंतीतली वाट, तिथे तिला 'पास' म्हणतात. लाटा भिंतीवरून लगूनमध्ये पाणी ओततात आणि ते सगळं या वाटेने बाहेर पळतं, ओहोटीला आणखी जोराने. भरती-ओहोटीतला फरक जेमतेम अर्ध्या मीटरचा असतो, पण बाहेर स्वेल असेल तेव्हा ओढ भयानक होते. पासपासून लांब राहा. स्नॉर्केलिंग करताना डोकं खाली असतं, म्हणून दर थोड्या वेळाने वर बघून किनाऱ्यावरच्या ठरावीक झाडाशी आपली जागा ताडून पाहा.

बोटीत बसताना

सकाळची वेळ घ्या. ऊन तापलं की वारा वाढतो, दुपारी कमाल गाठतो. त्रू दो दूसहून इल ओ सेर्फला जाताना वारा समोरून येतो आणि तुषारांनी अंग भिजतं, म्हणून फोन-पासपोर्ट घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा. पाठीचं दुखणं असेल तर स्पीडबोटीत पुढे बसू नका. लाइफ जॅकेटचे बंद बसतानाच लावा. नाखवा आज नको म्हणाला तर पैशांवरून हुज्जत घालू नका. तो रोज हा समुद्र बघतो.

दोन प्रसंग वेगळे

नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. इशारे वर्ग 1 ते 4 असे चढत जातात. वर्ग 1 लागला की समुद्राचे बेत सोडा आणि विमान कंपनीशी बोला. वर्ग 3 लागला की इमारतीतच थांबा.

दुसरा प्रसंग गणेशोत्सवाचा. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडून मळ्यांवर मजुरीला गेलेल्यांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात. चतुर्थीला देशभर सुट्टी असते. हे दिवस ऐन वाऱ्याच्या मोसमात येतात. विसर्जनाला बोलावणं आलं तर जरूर जा, पण मूर्ती घेऊन पुढे स्थानिकांनाच जाऊ द्या. पाण्याचा तळ त्यांच्या पायाखालचा आहे.

ओढीत सापडलात तर

किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा अट्टहास करू नका, त्यात दमछाक होते. आधी पाठीवर तरंगा, श्वास सावरा, एक हात वर करून हलवा. मग किनाऱ्याला समांतर, उथळ भागाकडे सरका. दुसरा कुणी सापडला असेल तर रिकाम्या हाताने उडी मारू नका. तरंगेल असं काहीही फेका, मोठी पाण्याची रिकामी बाटलीसुद्धा चालते, आणि फोन लावा: पोलीस 999 किंवा 112, रुग्णवाहिका 114.