केर काढला, लादी पुसली, तरी पसारा का दिसतो?

केर झाला, लादी झाली, भांडी घासून पालथी पडली, बाथरूमही घासून काढलं. तरी दुपारी बेल वाजली की दार उघडता उघडता तोंडातून निघतंच, ‘या ना, जरा पसारा आहे हं.’ आणि तो असतोच. कारण झाडणं-पुसणं हे एक काम आणि आवरणं हे दुसरं. झाडण्या-पुसण्यानं धूळ जाते, पण पसारा अर्ध्या वाटेवर थांबलेल्या वस्तूंचा असतो. दोरीवरून निघाले पण कपाटात पोचले नाहीत ते कपडे, मंडईतून आली पण निवडायची राहिली ती मेथी, भरून झालं पण फायलीत गेलं नाही ते विजेचं बिल. केर-लादीला येणाऱ्या मावशी सोफ्यावरचा ढीग पलंगावर ठेवतात आणि सोफा झाडून झाला की परत जागच्या जागी आणून ठेवतात. त्यांची चूक काहीच नाही. त्या ढिगाची जागा कुठली, हे घरातल्यांनाच ठाऊक नसतं.

रोज बघून बघून नजर सरावते, म्हणून सुरुवात मोबाइलनं करा. दारात उभं राहून, पाहुण्याला दिसतो तसा, हॉलचा एक फोटो काढा. मग ओट्यासमोरून एक, बेडरूमच्या दारातून एक. थोड्या वेळानं बसून बघा. फ्रीजवरची औषधांची पिशवी, कडीला अडकवलेली छत्री, नव्या रिमोटवरचं फाटकं प्लॅस्टिक, हे सगळं फोटोत लगेच खुपतं. खुपलेल्या पहिल्या पाच गोष्टी लिहून काढा आणि आधी तेवढ्याच हाताळा. कपाटाच्या आत काय आहे याची चिंता आज नको. प्रश्न दिसण्याचा आहे, तर उत्तरही तिथेच शोधावं.

एकदा घातलेले कपडे

घरातला सगळ्यात चिवट पसारा हा. मळलेले नाहीत म्हणून धुवायला टाकवत नाहीत, कोरे नाहीत म्हणून घडीच्या कपड्यांत ठेववत नाहीत. मग खुर्ची. खुर्चीवर टाकू नका असं सांगून आजवर कुठल्याही घरात फरक पडलेला नाही, कारण त्या कपड्यांना दुसरी जागाच नसते. ती द्या. दार पूर्ण उघडलं की त्याची जी बाजू भिंतीकडे जाते, तिच्यावर हुकांची पट्टी बसवा. माणशी तीन हुक, एका हुकाला एक कपडा. चौथा आला की पहिला धुवायच्या बादलीत. मर्यादा नसलेल्या हुकांची आठवड्याभरात उभी खुर्ची होते.

पट्टी स्क्रूनं बसवा. चिकटवायचे हुक जीन्सच्या वजनानं, त्यातून पावसाळी हवेत, सुटून येतात. फ्लश दार, म्हणजे खोलीचं सपाट प्लायवूडचं दार, साधारण ३० ते ३५ मिमी जाड असतं, त्यामुळे पट्टीची जाडी सोडून २० मिमी स्क्रू आत गेला तरी पुरतो आणि आरपार भोक पडत नाही.

वाळलेल्या कपड्यांचं वेगळं आहे. तिथे चूक एकाच क्षणी होते, कपडे दोरीवरून ओढून मिठीत गोळा करताना. मिठी पलंगावर सुटते आणि ढीग रात्री झोपायच्या वेळी खुर्चीवर जातो. वाळत घालतानाच माणसागणिक घाला, म्हणजे एकाचे सगळे सलग. काढताना दोरीशीच उभ्या उभ्या घडी घाला आणि एकाची चळत झाली की लगेच त्याच्या खणात ठेवून या. वीसेक कपड्यांना सात-आठ मिनिटं लागतात. चादर आणि एक अभ्रा घडी करून त्याच जोडीच्या दुसऱ्या अभ्र्यात भरून ठेवा. जोडी शोधताना कपाट उपसलं जात नाही.

पावसाळ्यात कपड्यांचा स्टँड हॉलमध्ये येतो, त्याला इलाज नाही. पण दाराकडच्या दांडीवर चादरी आणि पंचे घाला, बाकीचं आतल्या दांड्यांवर. दारातून दिसताना तो पडद्यासारखा दिसतो. दोन कपड्यांत दोन बोटांची फट ठेवा, नाहीतर कुबट वास येतो आणि तेच कपडे पुन्हा धुवावे लागतात.

ओटा

ओटा पुसलेला असूनही मळका दिसतो, कारण नजर पृष्ठभागावर जातच नाही, त्यावर उभ्या असलेल्या वस्तूंवर अडखळते. तेलाची किटली, तुपाचं भांडं, मिठाची बरणी, मिसळणाचा डबा, चहा-साखरेचे डबे, सांडशी, लायटर, लोणच्याची उघडी बाटली. एकेक उचलून पुसायचं म्हटलं की त्यांच्याभोवतीच पुसलं जातं आणि खाली तेलाची गोल कडी उमटते. तेल, तूप, मीठ, लायटर आणि सांडशी हे काठ असलेल्या एका स्टीलच्या ट्रेमध्ये किंवा जुन्या ताटात ठेवा. उचलायची वस्तू एक होते आणि तेल ट्रेमध्येच राहतं. ट्रे आठवड्यातून दोनदा इतर भांड्यांबरोबर घासायला टाका. चहा-साखर खणात. मिक्सर रोज लागत असेल तर राहू दे, पण वायर गुंडाळलेली आणि वर एकच भांडं. बाकीची भांडी त्याच्या मागे झाकणांसह रचून ठेवण्याची सवय फार घरांत आहे आणि ती सोडण्यासारखी आहे.

शेगडीमागच्या टाइल्सवरचा चिकटा कोरड्या फडक्यानं पसरतो, निघत नाही. लिटरभर गरम पाण्यात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड घाला, फडकं भिजवून पिळा आणि पाच मिनिटं टाइलला चिकटवून ठेवा. मग पुसा, साध्या पाण्याच्या फडक्यानं पुन्हा पुसा, शेवटी कोरडं करा. मधली पायरी बहुतेक जण गाळतात. साबणाचा पातळ थर राहिला की त्यावर पोळ्यांचं पीठ बसतं आणि दोन दिवसांत टाइल पुन्हा धुरकट दिसते.

कडप्प्याचा ओटा असेल तर लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर त्याच्या जवळ नेऊ नका. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे, शहाबादी आणि कोटाही तसेच. आम्ल लागलं की चकाकी खाऊन पांढरट डाग पडतो, आणि तो मळ नसल्यामुळे घासून जात नाही. पॉलिशच करावं लागतं. ग्रॅनाइटला ही अडचण नाही.

घासलेल्या भांड्यांची जाळी ही भांडी निथळायची जागा, ठेवायची नव्हे. रात्रीची भांडी सकाळच्या चहाआधी मांडणीवर गेली नाहीत तर दुपारची त्यांच्यावर चढतात आणि दिवसभर ओट्यावर स्टीलचा डोंगर उभा राहतो. ताटं घासून झाली की कोरड्या फडक्याचा एक हात फिरवा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असलं तर थेंब वाळले की क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात आणि घासलेलं ताट खरकटं वाटतं.

आता फडकी. नळावर एक, फ्रीजच्या हँडलला एक, सिलिंडरवर एक, आणि कुठलं कशाचं ते कोणालाच माहीत नसतं. तीन रंग ठरवा: ओट्याचं, भांड्यांचं, हात पुसायचं. पातळ सुती घ्या. टॉवेलसारखी जाड फडकी स्वयंपाकघरात दिवसभर ओली राहतात आणि आंबूस वास धरतात. ओट्याचं फडकं रात्री धुऊन सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतून लावलेल्या हुकावर टाका, दार मात्र रात्रभर किलकिलं ठेवा.

दुधाच्या पिशव्या धुऊन टाइलला चिकटवायच्या किंवा नळाला अडकवायच्या, ही चांगल्या सवयीतून आलेली अडचण. रद्दीवाला त्या घेतो, म्हणून धुवाव्यातच. पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा करू नका, चीर देऊन तो पिशवीलाच राहू द्या, म्हणजे सिंकच्या जाळीत अडकत नाही. वाळवायला ड्राय बाल्कनीत दोरीवर दोन चिमटे राखून ठेवा. वाळली की सपाट करून खणातल्या जुन्या पाकिटात. आणि दारामागची ती पिशव्यांची पिशवी! त्यातल्या मजबूत दहा-बारा ठेवा, बाकीच्या एखाद्या ओळखीच्या भाजीवाल्याला द्या.

लादी पुसूनही पावलं उमटतात तेव्हा

फिनेल किंवा फ्लोअर क्लीनर जास्त पडलं की असं होतं. बाटलीवर झाकणाचं माप लिहिलेलं असतं ते पाळा. वास छान येतो म्हणून तीन झाकणं ओतली की पाणी उडून जातं आणि साबणाचा चिकट थर मागे राहतो, अनवाणी पावलांचे ठसे त्यावरच उमटतात. दोन दिवस नुसत्या पाण्यानं पुसा, बादलीतलं पाणी दर दोन खोल्यांनंतर बदला. व्हिट्रिफाइड टाइल्स असतील आणि थर जुना असेल तर पाच लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घालून एकदा पुसा. संगमरवर किंवा वरचे चुनखडीचे दगड असतील तर हे करू नका. आणि ब्लीच वापरलेल्या जागी व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर मुळीच नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

भिंतीच्या कोपऱ्यात राखाडी त्रिकोण दिसतोय का बघा. गोल मॉप कोपऱ्यात शिरत नाही, मळकं पाणी तेवढं तिथे ढकलतो आणि ते वाळतं. आठवड्यातून एकदा जुन्या टूथब्रशला फडकं गुंडाळून हातानं पुसा. स्कर्टिंगच्या वरच्या कडेची धूळ आधी कोरड्या कपड्यानं काढा, ओल्या मॉपनं तिचा लगदा होतो.

पंखा नेहमी लादीच्या आधी. पातं जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून दोन्ही हातांनी दाबत बाहेर ओढा, धूळ अभ्र्यातच राहते. बटण बंद करून त्यावर चिकटपट्टी लावा. घरात कोणीतरी सवयीनं पंखा लावतंच.

दार आणि हॉल

चपलांचा साधा हिशेब: दारात माणशी एक जोड, बाकी रॅकमध्ये. रॅक उघडा असेल तर लहान मुलांच्या चपला खाली आणि बंद बूट वर, उलट नको. मुलांचा हात वरच्या कप्प्याला पोचत नाही, मग त्या बाहेरच राहतात.

टीव्हीच्या वायरी एकत्र करून कापडी चिकटपट्टीनं दर फूटभर अंतरावर बांधा आणि युनिटच्या मागच्या कडेनं न्या. एक्स्टेन्शनची उरलेली वायर मात्र घट्ट गुंडाळून बांधू नका. जास्त लोड आला की गुंडाळी तापते.

दिवाणावरचं कव्हर दर तासाला सरकत असेल तर गादी आणि पाठ यांच्या फटीत वर्तमानपत्राच्या घट्ट सुरळ्या खोचा. कव्हर अडकून बसतं.

देव्हाऱ्यात काडेपेटी, उदबत्तीची फोडलेली पाकिटं, कापसाच्या वातींचा पुडा हे समोर मांडलेलं असतं. देव्हाऱ्याला खण असतो तो त्यासाठीच. निरांजन आणि समई एका ताम्हनात ठेवा, म्हणजे तेल लाकडात मुरत नाही. निर्माल्य रोजच्या रोज कुंडीत किंवा खताच्या डब्यात.

आणि भिंतीवरचं कालनिर्णय. नवं लावताना जुनं त्याच खिळ्याला मागे राहतं, कारण त्यावर गॅसचा सिलिंडर कधी लावला, दूध किती दिवस बंद होतं, कामाच्या मावशींनी उचल कधी घेतली, हे सगळं लिहिलेलं असतं. बारा पानांचे फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा आणि जुनं रद्दीत टाका. त्या खिळ्यावर आणखी काही लटकत असेल, किल्ली, रबरबँड किंवा कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका, तर तेही उतरवा.