हत्यार ओळखा, मग आड निवडा

पोलीस दलात असताना माझी बरीच नोकरी प्रशिक्षण केंद्रात, फायरिंगच्या रेंजवर नव्या शिपायांना शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर मी इस्पितळांतले सुरक्षारक्षक, नर्सेस आणि वॉर्डबॉय यांना शिकवते. त्यांच्या हातात हत्यार नसतं, अंगात बुलेटप्रूफ जाकीट नसतं आणि पेशंटला टाकून पळताही येत नाही. त्यामुळे गोळीबारात आड कशी घ्यायची हे त्यांना आम्हा वर्दीवाल्यांपेक्षाही नीट यायला हवं.

पहिल्या तासाला मी त्यांना वॉर्डात उभं करते आणि विचारते, आत्ता गोळीबार सुरू झाला तर कुठे जाल? कुणी पडद्यामागे जातं, कुणी औषधांच्या लोखंडी कपाटामागे, कुणी काउंटरखाली. या सगळ्या जागा नजरेपासून लपवतात. गोळी मात्र प्लायवूडमधून, जिप्समच्या पार्टिशनमधून आणि कपाटाच्या पातळ पत्र्यातून आरपार जाते. नजरेची आड आणि गोळीची आड हा फरक डोक्यात पक्का बसला की अर्धं शिक्षण झालं.

नजरेची आड कुचकामी आहे असं मात्र नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, दहशतवादी हल्ल्याच्या वेळी, मुंबईच्या कामा रुग्णालयात स्टाफ नर्स अंजली कुलथे यांनी वीस गरोदर बायकांना वॉर्डच्या टोकाला असलेल्या पॅन्ट्रीत नेलं, दारं लावली, दिवे बंद केले. दिसलंच नाही तर नेम कशावर धरणार? पण एकदा का हल्लेखोरानं तुम्हाला पाहिलं, की फक्त गोळी अडवणारी वस्तूच कामाची.

आता ती वस्तू कोणती, हे समोरच्या हत्यारावर ठरतं.

गावठी कट्टा किंवा पिस्तूल असेल तर अंतर हीच मोठी आड. पळत्या माणसाला वीस-पंचवीस मीटरवरून पिस्तुलानं टिपणं सरावलेल्या माणसालाही अवघड जातं. बाहेर पडायची वाट मोकळी असेल तर थांबू नका, निघा. कट्ट्यात बहुधा एकच काडतूस असतं, पण त्या हिशेबावर जीव टांगू नका. खिशात दुसरा कट्टा असू शकतो. प्लास्टर केलेली साडेचार इंची विटांची भिंत पिस्तुलाची गोळी सहसा अडवते.

बारा बोअरच्या बंदुकीचे छर्रे पुढे जातील तसे पसरत जातात. त्यामुळे खांबामागे उभं राहिलात आणि कोपर बाहेर राहिलं, तर नेम चुकला तरी कोपर सापडतं. इथे जाडीपेक्षा रुंदी बघा. अख्खं अंग मावेल अशी विटांची भिंत हवी.

रायफलची गोष्ट पूर्ण निराळी. एके-४७ ची गोळी नळीतून सेकंदाला सातशे मीटरच्या आसपास वेगानं सुटते आणि तीनशे मीटरवरही नीट मारते. इस्पितळाचा लांबलचक कॉरिडॉर म्हणजे तिच्यासाठी रेंजच. तिथे सरळ पळणं म्हणजे टार्गेट होणं. पहिलं वळण घ्या, जिन्यात शिरा, त्याच्या सरळ रेषेतून बाजूला व्हा. त्यानंतर जाड वस्तू शोधा. काँक्रीटचा कॉलम सगळ्यात भरवशाचा. नऊ इंची भाजक्या विटांची भिंत एक-दोन गोळ्या झेलते, पण एकाच जागी मारा होत राहिला की वीट फुटून भोक पडतं, म्हणून तिथे मुक्काम करू नका. नव्या इमारतींत हलक्या राखाडी ब्लॉकच्या भिंती असतात. प्लास्टर आणि रंग लावल्यावर त्या विटांसारख्याच दिसतात, पण रायफलपुढे त्यांचा भरवसा नाही. तुमच्या इमारतीत कुठली भिंत कशाची आहे हे मेंटेनन्सच्या माणसाला आजच विचारून घ्या. हाताच्या मुठीनं ठोकून अंदाज बांधू नका.

इस्पितळातल्या तीन जागांबद्दल मी दर वेळी सांगते. एक्स-रेच्या खोलीच्या भिंती किरणांसाठी जाड बांधलेल्या असतात, त्यामुळे ती खोली चांगली; पण दाराला शिशाचा पत्रा आहे म्हणून दारामागे उभं राहू नका, तो जेमतेम दोन मिलीमीटरचा असतो. ऑक्सिजनच्या भरलेल्या सिलिंडरांमागे कधीही नाही. जाड पोलाद दिसतं म्हणून मोह होतो, पण आत प्रचंड दाब असतो आणि सुटलेला ऑक्सिजन आग भडकवतो. एमआरआयच्या खोलीतही नको. तिथला चुंबक कायम चालू असतो, लोखंड ओढून घेतो, आणि मागून बंदूक घेऊन पोलीस आत आले तर नवंच संकट.

पोर्चमध्ये ॲम्ब्युलन्स उभी असेल तर दाराचा पत्रा गोळी अडवत नाही. इंजिनाच्या बाजूला जा आणि पुढच्या चाकामागे बसा. चाक यासाठी, की गाडीखालून जमिनीलगत येणारी गोळी पायाला लागू नये.

आवाजावरून दिशा ठरवायची घाई करू नका. मोकळ्या मैदानात रायफलची गोळी जवळून गेली तर आधी चाबकासारखा कडाड आवाज येतो आणि नळीचा धप्प आवाज मागाहून, कारण गोळी आवाजाच्या पुढे धावते. नळी कुठे आहे हे तो दुसरा आवाज सांगतो. इमारतीत मात्र प्रतिध्वनी सगळं गढूळ करतो. तिथे लोक कुठून पळत येताहेत ते बघा.

आडेमागे उभं राहण्याची पद्धत तर सगळेच चुकतात. भीतीनं माणूस भिंतीला चिकटतो. तिरपी लागलेली गोळी भिंतीलगत घासत पुढे जाते, विटांचे तुकडे उडतात आणि ते थेट तोंडावर येतात. म्हणून भिंतीपासून दोन हात मागे. कॉलममागे अंग चोरून, छाती समोर न करता बाजूनं उभं राहा, कारण कॉलमची अरुंद बाजू जेमतेम नऊ इंच असते. बघायचंच असेल तर वरून डोकावू नका. खाली बसून कडेनं, क्षणभर, आणि दुसऱ्यांदा त्याच जागेवरून नाही. मागे दिवा असेल तर तुमची सावली आधीच बाहेर पडलेली असते, तिच्याकडे लक्ष द्या. एका आडेकडून दुसरीकडे जाताना पुढची जागा आधी ठरवा आणि तीन सेकंदांत पोचाल एवढंच अंतर घ्या.

सराव असा घ्यायचा. खरं हत्यार, खोटं हत्यार, फटाके काहीही नको. एक जण जोरदार टॉर्च घेऊन कॉरिडॉरमधून चालतो. झोत अंगावर पडला, की गोळी लागली असं धरायचं. दुसऱ्या फेरीत मी मध्येच ओरडते, "कट्टा!" किंवा "रायफल!" आणि सगळे आहेत तिथेच थांबतात. मग प्रत्येकाजवळ जाऊन बघायचं, ही जागा या हत्याराला पुरते का? तिसऱ्या फेरीत टॉर्चवाला छातीच्या उंचीवर मोबाईल धरून फोटो काढतो. एका सिस्टरांना खात्री होती की त्या कॉलममागे पूर्ण लपल्यात. फोटोत खांद्याला लटकलेली पर्स आणि मागची टाच स्वच्छ दिसत होती. शब्दांनी जे तासभर पटत नाही ते फोटोनं लगेच पटतं.

माइकवर काय बोलायचं तेही ठरवून ठेवा. २६ नोव्हेंबरच्या त्याच रात्री सीएसटी स्टेशनवर उद्घोषक विष्णू झेंडे यांनी उद्घोषणा करून प्रवाशांना स्टेशनबाहेर काढलं आणि कित्येकांचे जीव वाचले. धोका कुठे आहे आणि कुठल्या दारानं बाहेर पडायचं, एवढं दोन वाक्यांत सांगा. सांकेतिक शब्द नको, नातेवाइकांना तो कळत नाही.

पोलीस आत आले की आडेमागून धावत त्यांच्याकडे जाऊ नका. हात रिकामे आणि वर, मोबाईलसुद्धा खाली ठेवा, आणि सांगतील तेवढंच करा. त्या घटकेला त्यांना कोण कोण आहे ते माहीत नसतं.

सरावाआधी स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवा, पेशंट आणि नातेवाइकांना आदल्या दिवशी सांगा, आयसीयू वगळा. दर तीन महिन्यांनी एकदा, आणि त्यातला एक सराव रात्रपाळीचा हवाच. दिवसा उघडी असणारी किती दारं रात्री कुलूपबंद असतात ते तेव्हा कळतं. त्या प्रत्येक दाराची किल्ली रात्री कुणाकडे असते, हे रजिस्टरात लिहून घ्या.